हायपरवायझर आल्यावर आतल्या ओएसचं काम नेमकं किती उरतं? (३ होस्ट, ३८ व्हीएम)

मिरजोळे_रॅक, रत्नागिरी

नमस्कार मंडळी. एमआयडीसीतल्या एका कार्यालयाची सर्व्हर रूम सांभाळतो. तीन होस्ट (प्रत्यक्ष सर्व्हर) आहेत, प्रत्येकात बारा कोअरचे दोन प्रोसेसर आणि २५६ जीबी रॅम. सध्या व्हीएमवेअरचं व्हीस्फिअर ७ (एका सर्व्हरवर अनेक मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरवायझर) चालू आहे आणि त्यावर एकूण ३८ व्हीएम, म्हणजे आभासी मशिनं: १४ विंडोज सर्व्हर (२०१६ आणि २०१९), सहा सेंटओएस ७, बाकी उबुंटू २२.०४. व्हीस्फिअर ७ चा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या लायसन्सात प्रत्येक प्रोसेसरचे किमान १६ कोअर धरतात, म्हणजे आपल्याकडे ७२ कोअर असले तरी पैसे ९६ चे. म्हणून प्रॉक्समॉक्स या ओपन सोर्स हायपरवायझरवर जायचं जवळजवळ ठरलंय.

बैठकीत मुद्दा निघाला की आता सगळं हायपरवायझर बघतो, व्हीएमच्या आतली ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) कुठलीही असली तरी काय फरक पडतो, एक टेम्प्लेट (नकला काढायला तयार मशिन) करा आणि मोकळे व्हा. मला हे पटत नाही, पण मुद्देसूद उत्तर देता येत नाही. प्रत्यक्षातल्या अडचणी या:

डेटाबेसच्या उबुंटू व्हीएमला १६ व्हीसीपीयू (आभासी कोअर) आणि ६४ जीबी रॅम दिलेत. सकाळी दहा ते बारा ती रडतखडत चालते. आत टॉप (चालू कामांचा तक्ता) लावलं तर सीपीयू २५ टक्क्यांच्या वर जात नाही आणि एसटीचा (होस्टच्या रांगेत गेलेल्या वेळेचा) आकडा शून्य. म्हणजे सीपीयू कमी नाही असं धरायचं का?

पावसाळ्यात लाइट जाते-येते. यूपीएस वीस मिनिटं धरतो. तरी दर वेळी तीन सेंटओएस मशिनं उठताना फाइलसिस्टीम दुरुस्त करायला मागतात, बाकीची नाहीत.

रात्रीचा बॅकअप सुरू झाला की काही अॅप्लिकेशन गोठतात. हे प्रॉक्समॉक्सच्या चाचणी मशिनवरही दिसतंय. बॅकअप सर्व्हर पुण्याला आहे.

आणि शेवटी, एवढं सगळं हलवतोच आहोत तर व्हीएम सोडून थेट कंटेनरवर (वेगळ्या ओएसशिवाय अॅप्लिकेशन चालवायच्या पेट्यांवर) जावं का?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

दादा, बैठकीत उत्तर द्यायचं तर ओएसची पूर्वीची कामं मोजून दाखवा. हार्डवेअर चालवणं, सीपीयू वाटणं, मेमरी वाटणं, डिस्कवर आधी कोणाचं लिहायचं ते ठरवणं, घड्याळ, फाइलसिस्टीम, नेटवर्क, युजर-परवानग्या, लॉग. यातलं पहिलं काम पूर्ण खाली गेलं. मधली चार आता दोन ठिकाणी होतात, एकदा आत आणि एकदा होस्टवर. शेवटची चार आतच राहिली आणि होस्टला त्यातलं फारसं काही दिसत नाही. त्रास कुठे होतो? जे काम दोघंही करतात तिथे, आणि जे दुसरा करेल म्हणून दोघंही सोडून देतात तिथे. तुमच्या पहिल्या तिन्ही अडचणी यातच बसतात.

ओएस गेली म्हणणाऱ्यांना आणखी एक सांगा. प्रॉक्समॉक्स ज्यावर चालतो तो केव्हीएम लिनक्स कर्नलचाच (ओएसच्या गाभ्याचाच) भाग आहे, २००७ मध्ये २.६.२० ला आत आला. प्रॉक्समॉक्सवर प्रत्येक व्हीएम ही होस्टची एक प्रोसेस आणि प्रत्येक व्हीसीपीयू एक थ्रेड. म्हणजे खाली अख्खी डेबियन लिनक्स आहे. तिला पॅच लागतात, तिची मेमरी लागते, तिची देखभाल लागते. ओएस कमी झाली नाही, एक वाढली.

आता डेटाबेसचं. व्हीएमवेअरवर आतल्या टॉपमधला एसटी नेहमीच्या सेटिंगला शून्यच दाखवतो, कारण किती वेळ रांगेत उभं केलं हे ईएसएक्सआय (व्हीस्फिअरचा होस्टवरचा हायपरवायझर) आतल्या कर्नलला कळवतच नाही. त्या शून्यावर विसंबू नका. इएसएक्सटॉपमध्ये (ईएसएक्सआय होस्टवरचा टॉप) आरडीवाय (कोअर मोकळा होण्याची वाट बघण्यात गेलेला वेळ) आणि सीएसटीपी (सोबतच्या व्हीसीपीयूंसाठी थांबलेला वेळ) हे दोन रकाने बघा. तिथला आरडीवाय सगळ्या व्हीसीपीयूंची बेरीज असतो, म्हणून व्हीसीपीयूंच्या संख्येने भागायचा. व्हीसेंटर या नियंत्रण सॉफ्टवेअरच्या चालू आलेखात हाच आकडा दर २० सेकंदांचे मिलिसेकंद म्हणून येतो. समजा १६ व्हीसीपीयूंच्या मशिनला २८,८०० दिसले. २०,००० ने भागले की १४४ टक्के, १६ ने भागले की प्रत्येकी ९ टक्के. पाचच्या पुढे गेलं की लक्ष घालायचं, दहाला लोक तक्रार करायला येतात. सीएसटीपी तीनच्या वर असेल तर व्हीसीपीयू बहुधा जास्त झालेत.

जास्त व्हीसीपीयूंनी मशिन मंद का होतं? आतल्या कर्नलला वाटतं की सोळाही कोअर माझेच आहेत. एका व्हीसीपीयूने कुलूप (सामायिक डेटाचा ताबा) घेतलं आणि त्याच क्षणी होस्टने त्याला बाजूला काढलं, तर बाकीचे त्या कुलपापाशी ताटकळतात. शिवाय ईएसएक्सआय एका व्हीएमच्या व्हीसीपीयूंना एकमेकांपासून फार पुढेमागे होऊ देत नाही. जो पुढे गेला त्याला थांबवतो, तोच सीएसटीपी. त्यात तुमचा एक प्रोसेसर बारा कोअरचा, म्हणजे १६ व्हीसीपीयू एका न्यूमा नोडमध्ये (एक प्रोसेसर आणि त्याची जवळची मेमरी) मावत नाहीत आणि निम्मी मेमरी पलीकडच्या प्रोसेसरची वापरावी लागते. सीपीयू हॉट-अॅड (चालत्या मशिनला कोअर वाढवायची सोय) चालू असेल तर व्हीस्फिअर ७ आतल्या ओएसला न्यूमाची रचनाही दाखवत नाही. ते आधी बंद करा. मग १६ चे ८ करा, चार दिवस आरडीवाय बघा, मग ६ करून बघा. सीपीयू २५ टक्के म्हणजे सोळापैकी चारच कोअरचं काम आहे.

मेमरी: डेटाबेसला पूर्ण ६४ जीबी राखीव ठेवा आणि बलूनिंग बंद करा. बलून म्हणजे होस्टला टंचाई आली की आतल्या ड्रायव्हरने मेमरी फुगवून अडवायची, म्हणजे आतली ओएस स्वतःहून पानं (मेमरीचे तुकडे) सोडते. वेब सर्व्हरला हे चालतं, कारण तो कॅशच सोडतो. डेटाबेसचा बफर पूल कॅश नसून चालू कामाची मेमरी असते, मग ती स्वॅपला (डिस्कवरच्या मंद जागेत) जाते. प्रॉक्समॉक्सवर किमान आणि कमाल मेमरी वेगळी ठेवली असेल तर होस्टची मेमरी ८० टक्के भरल्यावर हे आपोआप सुरू होतं. आत स्वॅप अगदी काढून टाकू नका, एक-दोन जीबी ठेवा आणि स्वॅपिनेस (स्वॅप वापरायचा कल) १० करा. झेडएफएस ही फाइलसिस्टीम वापरणार असाल तर तिच्या एआरसी कॅशला मर्यादा घाला. प्रॉक्समॉक्स ८.१ पासूनच्या नव्या इन्स्टॉलेशनला ती रॅमच्या १० टक्के, फार तर १६ जीबी असते. जुन्यावरून अपग्रेड केलेल्या होस्टला ५० टक्के तशीच राहते आणि मेमरी कुठे गेली म्हणून शोधाशोध होते.

डिस्क: आतल्या लिनक्सला आय-ओ शेड्युलर (डिस्कची रांग लावणारा) नन, म्हणजे बंद, ठेवा. आतली ओएस फिरत्या डिस्कचा विचार करून रांग लावते आणि होस्ट ती पुन्हा मोडून आपली लावतो, दोन्ही श्रम फुकट. थिन डिस्क (लागेल तशी वाढणारी) असेल तर आत खोडलेल्या फाइलची जागा होस्टला परत मिळत नाही. त्यासाठी व्हीएमच्या डिस्कवर डिस्कार्डची (मोकळी जागा परत घ्यायची) खूण करा आणि आत एफएसट्रिमचा (मोकळी जागा कळवणाऱ्या आज्ञेचा) आठवड्याचा टायमर चालू ठेवा, दोन्ही लागतात. विंडोजला एसएसडी इम्युलेशनचीही खूण द्या, म्हणजे ती डीफ्रॅग करायच्या ऐवजी ट्रिम पाठवते. नाहीतर आत ४० जीबी आणि होस्टवर २०० असा प्रकार होतो, आणि स्टोरेज भरलं की त्यावरची सगळी मशिनं एकदम थांबतात.

मिरजोळे_रॅक

आत्ता सव्वाअकराला बघितलं. आरडीवायची बेरीज १३०, सीएसटीपी ७. हॉट-अॅड चालू होतं. आज रात्री बंद करून ८ व्हीसीपीयू करतो. हलवतानाची पद्धत कोणी नीट सांगेल का? चाचणीत विंडोज २०१६ हलवलं तर निळी स्क्रीन आली, सेव्हन-बी.

कुडाळ_कर्नल, कुडाळ

तुमचो प्रश्न बरोबर आसा. सेव्हन-बी म्हणजे विंडोज उठली पण तिला स्वतःची डिस्क सापडली नाही. ईएसएक्सआयवर ती पीव्हीएससीएसआय किंवा एलएसआय डिस्क कंट्रोलर बघत होती, इथे व्हर्टआयओ (केव्हीएमचा आभासी कंट्रोलर) आला आणि बूटच्या वेळी त्याचा ड्रायव्हर चालू नाही. नुसता ड्रायव्हर टाकूनही भागत नाही. तसला कंट्रोलर एकदा तरी समोर दिसल्याशिवाय विंडोज तो ड्रायव्हर बूटच्या यादीत घेत नाही. म्हणून क्रम असा ठेवा.

जुन्या होस्टवर असतानाच व्हीएमवेअर टूल्स (आत बसवलेले मदतनीस ड्रायव्हर) काढून टाका. इकडे आल्यावर त्याचा अनइन्स्टॉलर हे व्हीएमवेअर नाही म्हणून अडून बसतो. स्थिर आयपी, गेटवे, डीएनएस लिहून घ्या. मशिन उठवणारं फर्मवेअर बायोस आहे की यूईएफआय ते बघा, इकडेही तेच निवडायचं: बायोसला सीबायोस, यूईएफआयला ओव्हीएमएफ आणि सोबत ईएफआय डिस्क. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर रिकव्हरी की कागदावर घ्या, कारण व्हर्च्युअल टीपीएमचा (की ठेवणाऱ्या चिपचा) मजकूर सोबत येत नाही. जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या आधीच्या स्थितीच्या नोंदी) एकत्र करून टाका, नाहीतर आयात फार रेंगाळते. मग मशिन नीट बंद करून प्रॉक्समॉक्सच्या आयात विझार्डमधून ओढा. ८.२ पासून तो आहे, ईएसएक्सआय होस्ट स्टोरेज म्हणून जोडला की त्यावरची मशिनं यादीत दिसतात.

पहिल्यांदा उठवताना बूट डिस्क साटा कंट्रोलरवर ठेवा. सोबत १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझी सिंगल कंट्रोलरवर जोडा. विंडोज उठली की व्हर्टआयओची आयएसओ लावून ड्रायव्हर आणि गेस्ट एजंट (होस्टचं ऐकणारा आतला प्रोग्रॅम) दोन्ही टाका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती १ जीबीची डिस्क दिसली म्हणजे काम झालं. बंद करा, बूट डिस्क सोडवून स्कझीवर जोडा, आयओ थ्रेड आणि डिस्कार्डची खूण करा. आता बूट ऑर्डर बदलायची. हे विसरलं की मशिन नेटवर्कवरून बूट शोधत बसतं आणि माणूस परत ड्रायव्हरला दोष देतो. डेटाच्या डिस्का ऑफलाइन दिसल्या तर घाबरू नका, कंट्रोलर बदलला की विंडोज सर्व्हर तसं करते. उजवं क्लिक करून ऑनलाइन करा.

नेटवर्क कार्डही नवं असतं. जुनं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपून राहतं आणि जुना आयपी धरून बसतं. लपलेली उपकरणं दाखवून ते काढलंत की दुसऱ्या अॅडाप्टरला हा आयपी आहे अशी सूचना येणार नाही.

लिनक्सला डिस्कचं दुखणं वेगळं. उबुंटूच्या इनिटरॅमएफएसमध्ये (उठताना लागणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात) बहुतेक सगळे ड्रायव्हर असतात, ती सरळ उठते. सेंटओएस फक्त त्या मशिनला लागणारे ठेवते. म्हणून हलवायच्या आधीच ड्रॅकट या आज्ञेच्या नो-होस्टओन्ली पर्यायाने इनिटरॅमएफएस पुन्हा बांधा, नाहीतर ड्रॅकटच्या आपत्कालीन शेलमध्ये अडकाल. कार्डाचं नाव ईएनएस१९२ चं ईएनएस१८ होतं, त्यामुळे जुनी नेटवर्क फाइल लागू होत नाही. एसएसएचवर (दुरून लॉगिनवर) अवलंबून राहू नका, कन्सोल उघडा ठेवा. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कशी जोडायची ती फाइल) डिस्कांचे यूयूआयडी (कायमचे ओळखक्रमांक) आहेत ना, तेही बघून घ्या.

सीपीयूचा प्रकार हा मुद्दा लोक विसरतात. तिन्ही होस्ट एकाच पिढीचे असतील तर होस्ट हा प्रकार द्या, प्रोसेसरच्या एईएस आणि एव्हीएक्स या खास सोयी आतल्या ओएसला पूर्ण मिळतात. पिढ्या वेगळ्या असतील तर सगळ्यांत जुन्याला झेपेल तो द्या, नाहीतर चालतं मशिन एका होस्टवरून दुसऱ्यावर नेताना कोसळतं. केव्हीएम६४ हा जुना प्रकार कुठल्या टेम्प्लेटात राहिला असेल तर काढा. रेड हॅट ९ च्या वंशातली कुठलीही ओएस त्यावर उठत नाही, तिला प्रोसेसरच्या एक्स८६-६४ सूचनांची दुसरी पातळी लागते. रेड हॅट १० ला तिसरी. कुठलीही ओएस चालेल म्हणणाऱ्यांना एवढं एक उदाहरण पुरे.

टेम्प्लेट करताना मशिन-आयडीची फाइल रिकामी करा आणि एसएसएचच्या होस्ट की काढा. मशिन-आयडी सारखा राहिला तर दोन उबुंटू डीएचसीपीकडे एकाच ओळखीने जातात आणि दोघांना एकच आयपी मिळतो. विंडोजला त्यासाठी सिसप्रेप हे साधन.

सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ लाच संपली. पण होस्ट बदलणं आणि ओएस बदलणं एकाच रात्री करू नका, बिघडलं तर कशामुळे ते कळणार नाही. आधी जशीच्या तशी हलवा, पंधरा दिवस जाऊ द्या.

दाभोळखाडी

सेंटओएसच्या तीनच मशिनांना दुरुस्ती का लागते, याचं उत्तर त्यांच्या एफएसटॅबमध्ये शोधा. नोबॅरिअर लिहिलंय का? दहा-बारा वर्षांपूर्वी वेग वाढवायला हा पर्याय सर्रास सुचवला जायचा: खाली बॅटरीवाला रेड कार्ड (डिस्का एकत्र सांभाळणारा) आहे, तो सांभाळेल. बॅरिअर म्हणजे फाइलसिस्टीमने खाली दिलेली ताकीद, की हे डिस्कवर पक्कं उतरेपर्यंत पुढचं लिहू नको. जर्नलची (फाइलसिस्टीमच्या बदलांच्या नोंदवहीची) सगळी भिस्त या क्रमावर आहे. ओएसने ताकीद द्यायची सोडली, रेड कार्डाची बॅटरी मेलेली, आणि तरी त्याला राइट-बॅकवर (आधी होकार, मग डिस्कवर लिहिणं) जबरदस्तीने ठेवलेलं, तर लाइट गेल्यावर जर्नलमध्येच भोक पडतं. वाशिष्ठीकाठ म्हणाले ते हेच, दुसरा करेल म्हणून दोघांनी सोडलेलं काम. नोबॅरिअर काढा. रेड कार्डाच्या बॅटरीची स्थिती होस्टवरून तपासा. प्रॉक्समॉक्सवर डिस्क कॅश नो कॅश ठेवा. अनसेफ नावाचा पर्याय ताकीद गिळून टाकतो, त्याला हात लावू नका.

एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ ला अचानक लाइट जाणं सहन झालं पाहिजे. वारंवार दुरुस्ती लागत असेल तर साखळीत कोणीतरी लिहिलं म्हणून खोटं सांगतंय.

पण मुळात लाइट गेल्यावर मशिनं अचानक बंद का पडतात? यूपीएस वीस मिनिटं देतो, तेवढ्यात सगळी नीट बंद व्हायला हवीत. यूपीएसची यूएसबी एका होस्टला लावून त्यावर नट हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर चालवा, बाकीचे दोन होस्ट नेटवर्कवरून त्याचं ऐकतील. नेटवर्क स्विचही त्याच यूपीएसवर हवा, नाहीतर निरोप पोचणारच नाही. आतल्या ३८ मशिनांना यूपीएस दिसायची गरज नाही, होस्टने त्यांना बंद व्हायला सांगायचं. मात्र ते ऐकण्यासाठी आत गेस्ट एजंट हवा. एजंट नसेल तर पॉवर बटणाचा इशारा जातो, आणि कोणी लॉगिन नसलेली विंडोज सर्व्हर तो सोडून देऊ शकते.

होस्ट बंद होताना प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हीएमला १८० सेकंद थांबतो, मग वीज तोडल्यासारखं बंद करतो. मोठा डेटाबेस किंवा अपडेट अडकलेली विंडोज तेवढ्यात उरकत नाही. तिथे ३००-४०० सेकंद द्या आणि सगळ्यांची बेरीज यूपीएसच्या वेळेत बसते का ते कागदावर मांडा. उठण्याचा क्रम: डोमेन कंट्रोलर १, डेटाबेस २, अॅप्लिकेशन ३, मध्ये ९० ते १२० सेकंद. बंद होताना तो उलटा चालतो. एचएमध्ये (होस्ट पडला तर मशिन दुसरीकडे उठवणाऱ्या सोयीत) घातलेल्या व्हीएम हा क्रम पाळत नाहीत, म्हणून क्रम महत्त्वाचा असेल ती मशिनं एचएच्या बाहेर ठेवा. आणि होस्टने स्टोरेज शोधायला व्हीएममधल्या डीएनएसवर विसंबू नये. स्टोरेज जोडल्याशिवाय डीएनएस उठत नाही आणि डीएनएसशिवाय स्टोरेज जोडत नाही. तिथे थेट आयपी लिहा.

यूपीएसची बॅटरी दर पावसाळ्याआधी प्रत्यक्ष भारावर तपासा. वीस मिनिटं हा आकडा नव्या बॅटरीचा असतो. जून २०२० चं निसर्ग किंवा मे २०२१ चं तौक्ते आल्यावर लाइट काही मिनिटांत परत येण्याचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी यूपीएसचं एकच काम, सगळं नीट झोपवणं. लाइट जाऊन तीन मिनिटं झाली की बंद करायला सुरुवात करा. बॅटरी संपत आल्याच्या इशाऱ्याची वाट बघू नका.

किनाऱ्यावरच्यांसाठी आणखी एक. खाऱ्या दमट हवेने रॅमचे आणि डिस्कचे संपर्क खराब होतात, आणि हे आतल्या ओएसला कधीच दिसत नाही. आतून स्मार्ट (डिस्कची आरोग्य-नोंद) तपासलंत तर क्यूईएमयूची (केव्हीएमसोबत आभासी हार्डवेअर देणाऱ्या प्रोग्रॅमची) नकली डिस्क तब्येत ठणठणीत सांगते. ईसीसी रॅमने स्वतः दुरुस्त केलेल्या चुका, डिस्कचं आरोग्य, तापमान हे आता फक्त होस्टवर बघायचं. व्हीएमच्या आतलं जुनं हार्डवेअर मॉनिटरिंग काढून होस्टवर बसवा.

बॅकअपच्या गोठण्याला दोन कारणं असू शकतात. एजंट असेल तर बॅकअपच्या सुरुवातीला तो फाइलसिस्टीम गोठवतो, म्हणजे अर्धवट लिहिलेलं काही राहत नाही. हे एक-दोन सेकंदांत उरकलं पाहिजे. तुमचं दुखणं दुसरं वाटतं. प्रॉक्समॉक्सचा बॅकअप चालू असताना आतल्या ओएसने एखादा ब्लॉक बदलायचा म्हटला की जुना ब्लॉक आधी बॅकअप सर्व्हरला पोचवला जातो, तोवर ते लिखाण थांबतं. सर्व्हर पुण्यात आणि लाइन मंद, म्हणजे प्रत्येक लिखाण पुण्याला जाऊन येतं. ८.२ पासून बॅकअप फ्लीसिंग आहे: जुना ब्लॉक आधी स्थानिक एसएसडीवर ठेवतो, पाठवतो नंतर. ते चालू करा. त्याहून बरं म्हणजे बॅकअप सर्व्हर रत्नागिरीत, आणि तिथून पुण्याला सिंक. स्नॅपशॉटला मात्र बॅकअप समजू नका.

मिरजोळे_रॅक

ताई, अचूक. तिन्ही सेंटओएसच्या एफएसटॅबमध्ये नोबॅरिअर होतं, बाकीच्या तिघांत नाही. रेड कार्डाची बॅटरीही फेल दाखवतेय. कंटेनरचं आणि घड्याळाचं कोणी सांगेल का? दोन मशिनं सकाळी चार मिनिटं मागे असतात.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

घड्याळ आधी. एका मशिनला वेळ देणारा एकच असावा. व्हीएमवेअर टूल्सची वेळजुळणी आणि आतलं एनटीपी (नेटवर्कवरून वेळ घेणं) दोन्ही चालू असतील तर ते एकमेकांना ओढतात. टूल्सची बंद करा. चार मिनिटं मागे म्हणजे रात्री मशिन काही काळ थांबवलं गेलं आणि उठल्यावर क्रोनी (लिनक्सचा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) हळूहळू भरून काढतोय. त्याच्या मेकस्टेपला नेहमीच्या सेटिंगमध्ये पहिल्या तीन वेळांनंतर उडी मारायची मुभा नसते. तिथे तीनऐवजी उणे एक लिहा. विंडोज डोमेनमध्ये फक्त पीडीसी एम्युलेटर (वेळेसाठी मुख्य डोमेन कंट्रोलर) बाहेरून वेळ घेईल, बाकी त्याच्याकडून. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरशी जुळलेली हवी आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. ते लॉग व्हीएममध्ये ठेवू नका, टेम्प्लेटवरून मशिन पुन्हा उभं केलं की जातात. बाहेरच्या लॉग सर्व्हरला पाठवा.

कंटेनरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सरसकट नको. कंटेनरला स्वतःचं कर्नल नसतं, होस्टचंच सगळे वापरतात. तुमची १४ विंडोज मशिनं तशीही त्यात जाणार नाहीत. वेबची पाच-सात अॅप्लिकेशन जातील. त्यांच्यासाठी उबुंटूच्या दोन व्हीएम करून त्यात डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवा, प्रॉक्समॉक्सच्या होस्टवर थेट डॉकर टाकू नका. दोन माणसांच्या टीमने कुबरनेटिस (अनेक मशिनांवरचे कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) उभं केलं तर तेच सांभाळायला एक माणूस जातो.

कुडाळ_कर्नल, कुडाळ

कंटेनरबाबत थोडं वेगळं मत मांडतो. कुबरनेटिस आज नको हे मान्य. पण ओएस कुठे चाललीय ते तिथे स्पष्ट दिसतं. टॅलोससारख्या ओएसमध्ये एसएसएच नाही, शेल नाही, सगळं एपीआयवरून (बाहेरच्या प्रोग्रॅमच्या आज्ञांनी). फ्लॅटकारमध्ये सिस्टीमचा भाग वाचण्यापुरताच असतो, अपडेट म्हणजे दुसऱ्या विभागात नवी प्रतिमा उतरवून त्यावरून बूट, आणि बिघडलं तर जुन्यावर परत. ही सवय तुमच्या उबुंटू टेम्प्लेटलाही लावता येते: हाताने काही बदलायचं नाही, बदल टेम्प्लेट आणि क्लाउड-इनिटमध्ये (पहिल्या बूटला सेटिंग लावणारं साधन) करायचा आणि मशिन नवं काढायचं. ३८ मशिनं ३८ प्रकारची असण्यापेक्षा चार प्रकारची असावीत. इथे बैठकीतल्या टेम्प्लेटवाल्यांचं बरोबर आहे.

विंडोजच्या लायसन्सची मात्र सुटका नाही. स्टँडर्डमध्ये होस्टचे सगळे २४ कोअर मोजून दोन व्हीएम मिळतात, पुढच्या दोनसाठी पुन्हा २४. एखादा होस्ट बंद पडल्यावर त्याची मशिनं दुसऱ्यावर येणार असतील तर त्या दुसऱ्या होस्टवरही तेवढी हवीत. एका होस्टवर साधारण बाराच्या वर विंडोज येणार असतील तर डेटासेंटर आवृत्ती स्वस्त पडते. म्हणून शक्यतो १४ विंडोज दोनच होस्टांवर फिरवा, तिसरा लिनक्सला ठेवा.

सुरक्षेचं दोन्ही बाजूंनी बघा. फेब्रुवारी २०२३ मधल्या ईएसएक्सआयआर्ग्स या खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरने हायपरवायझरच गाठला, आतली मशिनं कितीही पॅच केलेली असली तरी डिस्कच्या फाइली बाहेरून कुलूपबंद झाल्या. १९ जुलै २०२४ ला उलटं झालं: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने विंडोज आतून कोसळल्या आणि होस्ट मजेत चालू होते. दुसऱ्या प्रकारात व्हीएमचा फायदा असा की डिस्क सोडवून चांगल्या मशिनला जोडता येते आणि ती फाइल काढता येते. पहिल्यासाठी होस्टचं व्यवस्थापन वेगळ्या व्हीलॅनवर (स्वतंत्र पाडलेल्या नेटवर्कवर) ठेवा, तिथे ऑफिसच्या कुठल्याही पीसीवरून पोचता येता कामा नये.

मिरजोळे_रॅक

व्हीलॅन वेगळा आहे, पण बॅकअप सर्व्हरही त्याच व्हीलॅनमध्ये आणि त्याच पासवर्डवर आहे. तो बाहेर काढू का?

दाभोळखाडी

आजच काढा. बॅकअप सर्व्हरचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि होस्टला दिलेल्या टोकनला फक्त नवीन बॅकअप लिहायची परवानगी, जुने खोडायची नाही. छाटणी बॅकअप सर्व्हरने स्वतःच्या वेळापत्रकाने करावी. मग रविवारी एक विंडोज आणि एक सेंटओएस मशिन त्या बॅकअपमधून वेगळ्या ब्रिजवर (आभासी स्विचवर), नेटवर्क तोडून, उठवून बघा. किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा, बैठकीत विचारतील.